सत्याहत्तराव्या रांजणाचे नाग

एका राज्यात सात हा आकडा उच्चारायलाही लोकांची जीभ चाचरे. तिथल्या भुयारात धूम्रजट मांत्रिकाने शंभर रांजण मांडले, त्यांवर एक ते शंभर आकडे कोरले आणि सात जितक्या वेळा कोरला तितके नाग आत निजवले. त्याच्या शापाने राजा पायांपासून दगड होत चालला होता. सगळे नाग दूध प्याले, तरच शाप सुटणार होता. एकही उपाशी राहिला, की पाजणाराच दगड!

थोरला राजपुत्र दहा वाट्या घेऊन गेला. दर दहात एक सात, हा त्याचा हिशेब. सत्तरीचे रांजण तो साफ विसरला. मधला अधिक शहाणा, एकोणीस वाट्या घेऊन गेला. तोही परतला नाही. उरली राजकन्या मेखला.

"जाऊ नकोस, बाळे," राजा म्हणाला. दगड गळ्याशी आला होता.

"तात, उद्या तुम्हांला एवढेही बोलता येणार नाही."

राजगणकाने पुन्हा मोजले. सात असलेले रांजण एकोणीसच भरले. तेवढ्याच वाट्या आणि दुधाची चरवी घेऊन ती निघाली. भुयाराच्या तोंडाशी पिंगळा बसला होता.

"पक्षिराज, माझे बंधू कुठे चुकले?"

"उघड सांगितले तर माझी जीभ झडेल. एवढेच ऐक, रांजणांना भूक नसते."

तिला काही उमगले नाही. आत दोन्ही भाऊ दगड होऊन उभे होते, तोंडे किंकाळीत उघडी. सात दिसेल त्या रांजणापाशी तिने एकेक वाटी ठेवली आणि फूत्कार सुरू झाले.

सत्याहत्तराव्या रांजणातून मात्र दोन फणे निघाले. एक वाटीवर झुकला. दुसरा तिच्याकडे वळला.

तेव्हा तिला कळले. रांजण एक, पण सात दोनदा कोरलेला! आणि वाटी तर उरली नव्हती. पळून जावेसे वाटले तिला. खोटे कशाला सांगा? पण तिची बोटे थंड पडून जड होऊ लागली होती. तिने चरवी काखेत धरून उरलेले दूध ओंजळीत ओतले, डोळे मिटले आणि हात पुढे केले.

गार जीभ तळव्याला लागली. नाग सावकाश प्याला.

मग दगडाला घाम फुटला. थोरल्याने श्वास घेतला, मधला "मेखले!" म्हणून ओरडला, आणि तिकडे राजा सिंहासनावरून आपल्या पायांनी उतरला.

त्या राज्यात आता सात निर्भयपणे लिहितात. वर्षातून एकदा नागांना दूध देतात, तेव्हा सत्याहत्तराव्या रांजणापाशी वाटी एकच ठेवतात. दुसऱ्या नागापुढे राजघराण्यातली लेक ओंजळ धरते, अजूनही डोळे मिटूनच.