घोंगडीवाली आणि पेढीचा पोपट

फार पूर्वीची गोष्ट आहे; इतकी पूर्वीची, की तुमच्या पणजोबांनीसुद्धा ती 'ऐकीव आहे हं' असं बजावूनच सांगितली असती. एका डोंगराळ राज्यात घाटाच्या तोंडाशी दर आठवड्याला मोठा बाजार भरायचा. त्या बाजारात एक घोंगडीवाली बसत असे. घोंगड्या ती स्वतः विणायची, स्वतः विकायची, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर सहजासहजी विश्वास ठेवायची नाही.

कुणी म्हणालं, "आज ऊन फार आहे," तर ती विचारायची, "कशावरून?" कुणी म्हणालं, "मावशी, तब्येत सुधारलेली दिसते," तरी तेच, "कशावरून?" नाणं हातात पडलं की ती ते दगडावर वाजवून बघायची, दाताखाली धरायची आणि मग उन्हात फिरवायची. एवढं करूनही कपाळावरची आठी काही जायची नाही. बाजारातले लोक तिला पाठीमागे 'कशावरूनबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता.

तिचं सगळं वर्ष एका दिवसावर अवलंबून असे. मेंढ्यांची कातरण झाली की धनगर लोकर घेऊन घाट उतरायचे. ते एकच दिवस थांबायचे, रोख पैसे घ्यायचे आणि पुढच्या मुलखाला निघून जायचे. त्या दिवशी ज्याच्या हातात पैसा, त्याच्या घरी वर्षाची लोकर. ज्याच्या हातात नाही, त्याचा माग वर्षभर रिकामा. घोंगडीवाली एकटी होती. गावातली एक नणंद सोडली, तर मागाशिवाय तिला दुसरं कुणी नव्हतं.

एके वर्षी राजधानीतल्या एका सावकाराने या बाजारात पेढी उघडली आणि एक नवीच सोय आणली. गिऱ्हाइकाने आपले पैसे पेढीत ठेवायचे. विकणाऱ्याने आपल्या दुकानात पेढीचा पोपट बसवायचा. माल घेतला की पोपट पेढीवर उडत जाणार, गिऱ्हाइकाच्या नावचे पैसे विकणाऱ्याच्या नावावर करून घेणार आणि परत येऊन भर बाजारात ओरडणार, "जमा!" सुट्ट्यांची कटकट नाही, खोट्या नाण्याची भीती नाही, वाटेवरच्या चोरांची तर नाहीच. या चाकरीबद्दल पेढी दर विक्रीमागे एक लहानसा वाटा कापून घेई.

बाजार हरखून गेला. शेजारचा मडकीवाला तर आपल्या पोपटाला स्वतःच्या ताटातली डाळ भरवू लागला.

"मावशी, तुम्हीपण घ्या की पोपट," तो म्हणाला. "हल्ली घरी जाताना कमरेला काही नसतं. जिवाला घोर नाही."

"तुझे पैसे पेढीत आहेत, हे कशावरून?"

"पोपट सांगतो ना!"

"आणि पोपट खरं बोलतो, हे कशावरून?"

मडकीवाल्याने हात जोडले आणि तो आपल्या मडक्यांकडे वळला.

पण हळूहळू लोकांनी पैसे बरोबर आणणंच सोडलं. गिऱ्हाईक यायचं, घोंगडीवरून हात फिरवायचं, इकडेतिकडे बघायचं आणि विचारायचं, "पोपट कुठाय?" नाही म्हटलं की पलीकडच्या विणकऱ्याकडे जायचं. घोंगडीवाली आणलेलं गाठोडं तसंच डोक्यावर घेऊन घरी जाऊ लागली. शेवटी ती चडफडत पेढीची पायरी चढली.

पेढीवरच्या गुमास्त्याची तिने जी उलटतपासणी घेतली, ती दरबारात एखाद्या चोराचीही झाली नसेल. वाटा किती कापणार? तेवढाच कापणार कशावरून? पोपट आजारी पडला तर? धुकं पडलं तर? गिऱ्हाइकाचे पैसे संपलेले असले तर? गुमास्त्याने एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. तेवढ्यावर ती थांबली नाही. आपल्या नणंदेला गिऱ्हाईक करून तिने एक घोंगडी विकल्याचं सोंग केलं आणि पोपट उडाला तशी धापा टाकत त्याच्यामागून पेढीपर्यंत धावली. पोपट खरा निघाला.

तेव्हा कुठे तिने त्याला आपल्या दुकानात जागा दिली. आपण सगळं विचारलं, असं तिला वाटलं. लहानथोरहो, एक गोष्ट मात्र तिने विचारली नाही, आणि तिचीच ही कथा आहे.

धंदा वाढला, आणि चांगलाच वाढला. पेढीचे पोपट दूरदूरच्या गावी होते, त्यामुळे जे लोक हा घाट जन्मात चढले नसते तेही घोंगड्या मागवू लागले. समुद्रकाठच्या एका व्यापाऱ्याने तर न बघताच मोठं गाठोडं मागवलं. घोंगडीवालीने ते बैलांच्या तांड्याबरोबर धाडून दिलं. दिवसभर तिच्या दुकानातून आवाज यायचा, "जमा! जमा!" तो आवाज ऐकला की तिला बरं वाटे. इतकं, की तिच्या कपाळावरची आठीसुद्धा मधूनमधून दिसेनाशी होई.

"थोडे पैसे घरी आणून ठेव गं," नणंद एकदा म्हणाली.

"घरी चोर येणार नाही, हे कशावरून?" घोंगडीवाली म्हणाली. "पेढीवर पहारा आहे. लोकरीच्या दिवशी एकदम काढीन."

आणखी एक गोष्ट झाली, ती तर तिच्या लक्षातही आली नाही. पूर्वी गिऱ्हाईक घासाघीस करत बसायचं. त्या बोलाचालीत ती सांगून टाकायची, "नवी घोंगडी आहे बाबा, चिंचोक्याची खळ दिलेली आहे. आधी कडक लागेल, आंबूस वास येईल. एकदा पाण्यातून काढ, उन्हात टाक, मग बघ कशी मऊ होते ती." आता घासाघीसच उरली नाही. गिऱ्हाइकाने बोट दाखवायचं, पोपटाने ओरडायचं, की संपला व्यवहार. ते चार शब्द तिच्या तोंडीच येईनासे झाले.

लोकरीचा दिवस आला. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा घाटात वाजू लागल्या, तशी ती रिकामी थैली घेऊन पेढीवर गेली.

"मावशी, आज पैसे मिळायचे नाहीत," गुमास्ता म्हणाला. "समुद्रकाठच्या व्यापाऱ्याची तक्रार आली आहे. घोंगड्या फळीसारख्या कडक आहेत, आंबलेल्या आहेत, म्हणतो. तक्रार आली की तिचा निकाल लागेपर्यंत विकणाऱ्याचे पैसे अडकवून ठेवायचे, असा पेढीचा नियम आहे."

"मग त्याचे अडकवा. बाकीच्यांचे द्या माझे."

"नियम सगळ्या पैशांना आहे."

"हे मला कुणी सांगितलं होतं?"

गुमास्ता खाली बघू लागला. "तुम्ही सगळं विचारलंत मावशी. पैसे हातात कधी मिळतील, एवढंच नाही विचारलंत. आणि जे विचारलं नाही ते सांगायचं नाही, अशी आम्हाला मालकांची ताकीद आहे."

घोंगडीवाली तशीच दुकानाकडे पळाली. पोपटाला तिने मुठीत धरलं आणि धनगरांच्या म्होरक्यासमोर नेऊन उभं केलं.

"माझे पैसे आहेत पेढीत. पुष्कळ आहेत. थोडे दिवस थांबा, नाहीतर लोकर ठेवून जा."

"पैसे आहेत हे कशावरून, मावशी?" म्होरक्याने विचारलं. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं.

"अरे, सांग ना याला!" तिने पोपटाला हलवलं.

"जमा!" पोपट ओरडला. "जमा! जमा!"

धनगर हसले. म्होरक्या हसला नाही. "मावशी, मला वाटेत मीठ घ्यायचंय, धान्य घ्यायचंय. पुढच्या मुलखात या पाखराला कोण ओळखतो? आणि आम्ही थांबलो तर मेंढरं काय खातील?" तिने लोकरीच्या गाठोड्यावर दोन्ही हात ठेवले होते, ते त्याने हळूच बाजूला केले. लोकर पलीकडच्या विणकऱ्याने रोख देऊन उचलली. आयुष्यात पहिल्यांदाच घोंगडीवालीला वाटलं होतं, की कुणीतरी आपल्यावर पुरावा न मागता विश्वास ठेवावा. भर बाजारात तिला रडू कोसळलं.

तो व्यापारी लुच्चा असणार, याबद्दल तिला शंका नव्हती. पण तक्रारीबरोबर नमुना म्हणून आलेली एक घोंगडी गुमास्त्याने तिच्यापुढे टाकली आणि तिने नाकाला लावली, तेव्हा तिला तिचीच खळ ओळखू आली. व्यापारी सरळ माणूस होता. त्याने जन्मात कोरी घोंगडी पाहिली नव्हती, आणि त्याला कुणी काही सांगितलंही नव्हतं. तिने निरोप धाडला, "पाण्यातून काढा, उन्हात टाका." निरोप जायला आणि यायला बरेच दिवस लागले. व्यापाऱ्याने तसं केलं, खूश झाला आणि तक्रार मागे घेतली.

पेढीने तिचे पैसे पै न पै मोजून दिले. तोवर धनगर कुठल्या कुठे पोचले होते. भरलेली थैली मांडीवर घेऊन ती रिकाम्या मागापुढे बसून राहिली. पैशांची काही घोंगडी विणता येत नाही. ते वर्षभर तिने पलीकडच्या विणकऱ्याच्या घरी, त्याच्या लोकरीवर, मजुरीने हात चालवले.

पोपट तिने हाकलून दिला नाही. त्याच्यामुळे गिऱ्हाईक येतं, हे तिला पटलं होतं. पण पुढे दर बाजारी ती दुकान उठवून आधी पेढीवर जायची, जमलेले पैसे थैलीत घ्यायची आणि मगच घराची वाट धरायची. दूरच्या प्रत्येक गाठोड्याबरोबर तांडेवाल्याकडे खळीचा निरोप द्यायलाही ती विसरली नाही.

तेव्हा मंडळी, या गोष्टीचा बोध एवढाच: पैसा आपल्या नावावर कसा चढतो हे विचारण्याआधी तो आपल्या हातात कधी पडतो, हे विचारावं.