खडकावर पाठवलेली सून

“दिवसभर उन्हात लोळते आणि दिवेलागणीला रिकामी. वाळूत परत पाठवून द्या तिला.”

सासूबाई हे हळूच म्हणाल्या होत्या. पण त्या रेडिओ होत्या, त्यांचं हळूही अंगणापर्यंत जायचं. अंगणात त्या घरची नवी सून बसली होती, नाव निळी. वाळू वितळवून घडवलेली पातळ, निळसर चकती. बोलणं कमी, बघणं जास्त.

त्या राज्यात रात्री मोठ्या होत्या आणि प्रत्येक उजेडासाठी कुणीतरी संपत होतं. घराण्याची रीत अशी की नव्या सुनेनं दिवेलागणीला, दारं लावून, आतल्या खोलीतला दिवा पेटवून दाखवायचा. निळी रोज उभी राही आणि दिवा रोज विझलेलाच राही. तिला एकदा दुपारी उभं करून बघावं, हे कुणाला सुचलं नाही. दुपारी ते घर झोपलेलं असे. नवरा तांब्याची तार. स्वभावानं चांगला, पण आई बोलली की आईकडे वाके, बायको दिसली की बायकोकडे.

राज्याच्या टोकाला, भर समुद्रात एक खडक होता आणि खडकावर होड्यांसाठी दिवा. तो घराण्यातल्या बॅटऱ्यांनी आळीपाळीनं जागता ठेवायचा. जी जाई ती रिकामी होऊन परते आणि परसात टाकली जाई. यंदा पाळी निळीच्या थोरल्या जावेची होती. त्यातून दर्या खवळण्याचे दिवस. तिच्या बदलीला दुसरी नेणं शक्य नव्हतं. सासूबाईंनी ठरवलं, धाकट्या जोडप्यालाही सोबत धाडा. दिवा टिकला तर ठीक, नाहीतर सून तिथूनच वाळूत जाईल.

खडकावर तारेनं एक हात बायकोला दिला, एक वहिनीला.

“माझ्या उशाशी बसून माझा शेवट बघायला पाठवलंय होय गं तुला?” जाऊ म्हणाली. निळीनं फक्त आभाळाकडे तोंड केलं.

ढगांनी भरलेलं आभाळ खाली उतरलं ते हटेना. पक्षी निळीच्या तोंडावर घाण करत, लाटा ती धुऊन नेत. दिवा आधी पिवळा झाला, मग तांबूस. एका संध्याकाळी होड्यांच्या घंटा थेट खडकाच्या रोखानं येऊ लागल्या, तेव्हा तो निखाऱ्याएवढा उरला होता. तेवढ्यात ढगांच्या कडेला उन्हाची एक फट पडली. निळीनं ती सगळी अंगावर घेतली. नवरा आयुष्यात पहिल्यांदा ताठ राहिला.

“अगं,” जाऊ घाबरून म्हणाली, “माझ्या पोटात काहीतरी पडतंय.”

दिवा पांढरा झाला. घंटा जरा थबकल्या, मग एकेक करून बाजूनं निघून गेल्या.

दर्या शांत झाल्यावर घरची मंडळी नवी बॅटरी घेऊन आली, तर थोरली तुडुंब भरलेली. सासूबाईंनी साऱ्या राज्याला ऐकवलं की पोरीचे गुण त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखले होते. आता सुनेला मखमलीच्या कपाटात ठेवायचं, पाहुण्यांनाच दाखवायचं, बाहेरचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही. घरी परतल्यावर अंगणात दोघा जणांनी तिला उचललंही. कपाट उघडंच आणलं होतं. आत गडद, मऊ काळोख होता.

“सासूबाई,” निळी म्हणाली. तिचा आवाज त्यांनी कधी ऐकलेला नव्हता, म्हणून सगळे थांबले. “कपाट नको. मला छपरावर ठेवा. आणि जाऊबाईंना परसात नाही, माझ्या खालच्या खोलीत.”