शिरघोळात पाण्याआधी गाव विचारत नाहीत

थांबा, हात पुढे करू नका अजून. आधी मी पिणार. हं, बघा, वरून प्यायले, तांब्याला ओठ लावलेला नाही. आता घ्या. आणि तोंडं वाकडी करू नका बाई, आमच्या शिरघोळात ही रीतच आहे. या तळ्यावर कुणी परकं माणूस आलं की पहिला घोट गावकरांच्या घरच्यानं घ्यायचा, मग पाहुण्यानं. त्याचं पिऊन होईस्तोवर त्याला नाव, गाव, जात, काही म्हणता काही विचारायचं नाही. मी द्वारका, गावकरांची सून. लोकांना वाटतं पहिला घोट म्हणजे आमचा मान. कसला मान? शिक्षा आहे ती! बसा सावलीत, सांगते.

ज्या झाडाखाली बसलात ना, ती निवळी. पूर्वी आमच्या रानात हे झाड नव्हतं म्हणे. आमच्याकडे काजरा. काजऱ्याच्या चपट्या गोल बिया म्हणजे जहर. पिसाळलेल्या कुत्र्याला भाकरीतून घालायच्या, बस्स. इथलं शेंबडं पोरसुद्धा काजरा ओळखायचं, आणि त्याचाच मोठा गर्व होता गावाला.

तेव्हा इथे तळं नव्हतं, नुसतं डबकं होतं. घाटावर दुष्काळ पडला आणि तेलंगी मुलखातली वडार मंडळी खाली उतरली, असं सांगतात. दगड फोडणारी, माती उपसणारी माणसं. त्यांत एक पोचय्या आणि त्याची बायको तिमव्वा. आमच्या घराण्यातला विठोजी तेव्हा गावकर होता, म्हणजे गावात त्याचा शब्द शेवटचा. त्यानं पोचय्याला शब्द दिला, तळं खणून द्या, काठावर खोपटं बांधा आणि इथलेच होऊन राहा.

तळं झालं. पण शेवटच्या दिवसांत एका बाजूची दरड कोसळली आणि पोचय्या खालीच राहिला. बाकीची मंडळी रडली, ओरडली आणि निघून गेली. तिमव्वा गेली नाही. नवरा इथे मातीत आहे, तर मी कुठे जाऊ? तळाशी त्याच्या जागेवर तिनं एक पांढरा दगड बसवला आणि काठावर राहिली. तर गाव काय म्हणालं असेल? शब्द पोचय्याला दिला होता, हिला कुठे दिला होता!

हाकललं नाही, पण पाण्याला हात लावू दिला नाही. जे तळं तिनं डोक्यावरून माती वाहून उपसलं, त्यातलं पाणी दुसऱ्या बाईनं लांबून तिच्या मडक्यात ओतायचं. कुणाची कोंबडी हरवली की आधी हिचं खोपट उचकटायचे. कोंबडी संध्याकाळी आपल्या पायांनी घरी यायची, पण खोपट पुन्हा नीट करायला कुणी जायचं नाही. ती आपल्या भाषेत गाणं म्हणाली तर बायका म्हणायच्या, ‘शिव्या देतेय बघ.’ दोन वर्षांत तिला आपला एकच शब्द आला म्हणे, पाणी. कुणी बोललंच नाही, तर शिकणार कुठून, सांगा!

पुढे एका वैशाखात वळवाचा पाऊस असा काही कोसळला की वरचा डोंगर घसरून तळ्यात आला. पाणी लाल गढूळ झालं. दुसरं पाणी नव्हतं, लोक तेच प्यायले. जुलाब सुरू झाले. दोन लेकरं दगावली. विठोजीची नातसुद्धा अंथरुणाला खिळली.

तिमव्वाकडे निवळीच्या बिया होत्या, माहेराहून आणलेल्या. त्यांच्याकडे ही बी मडक्यात उगाळतात आणि गाळ खाली बसतो. म्हणून ती रोज पहाटे दगडावर बिया उगाळायची आणि ते पाणी तळ्यात सोडायची. आठ दिवस हेच. कुणाला सांगणार? सांगायला भाषा नव्हती आणि ऐकायला माणूस नव्हतं.

नवव्या दिवशी एका बाईनं पाहिलं आणि बोंब ठोकली. अख्खा गाव धावला. खोपटातून पुरचुंडी निघाली. आत गोल बिया! विठोजीनं एक उचलली, बघितली न बघितली आणि म्हणाला, “काजरा!” काजऱ्याची बी असते रुपयाएवढी, चपटी. ही केवढीशी, फुगीर. पण सगळ्यांच्या मनात काजरा आधीच ठरलेला होता हो, बी नंतर दिसली.

ती हात जोडून काहीबाही सांगत होती. कुणाला कळेना. शेवटी तिनं काय करावं, तर वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि सगळ्यांसमोर प्याली. तर म्हणाले, “उतारा खाऊन आली असेल!” मग विठोजीनं बिया तिच्यापुढे धरल्या आणि तोंडाकडे बोट दाखवलं, “खा!” आणि ती हसली, असं सांगतात. तिला वाटलं, कळलं यांना एकदाचं. मूठभर बिया तिनं कडाकडा चावून खाल्ल्या आणि उभी राहिली.

गाव वाट बघत बसला. ऊन डोक्यावर आलं, कललं, तरी तिला काही झालं नाही. आता तरी उठून तिचे पाय धरावेत की नाही? विठोजी म्हणाला, “हिला विषही चढत नाही. चेटकीण आहे ही!” मेली असती तर अपराधी, जगली तर चेटकीण. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी हे पहिल्यांदा सांगितलं आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला. अशी माणसं? आणि मी त्यांच्याच घरात आले?

तिचं मडकं फोडलं आणि तिला घाटाच्या वाटेला लावलं. ऊन कसलं, तर नुसती आग. जाता जाता ती प्रत्येक दाराशी थांबली आणि आपला एकच शब्द म्हणाली, “पाणी.” दारं लागत गेली. विठोजीची बायको तांब्या घेऊन उंबऱ्यापर्यंत आली होती म्हणे. नवऱ्यानं डोळे वटारले आणि ती तिथेच थबकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका तळ्यावर गेल्या आणि तिथून किंचाळत परत आल्या. पाणी निवळलं होतं. इतकं, की तळाचा पांढरा दगड लख्ख दिसत होता. विठोजी आला, काठावर वाकून त्यानं तो दगड बघितला. मग तांब्या भरला आणि म्हातारा तसाच अनवाणी घाट चढत सुटला. तिसऱ्या वळणावर ती सापडली. गावाकडे तोंड करून बसलेली. गेलेली. मूठ आवळलेली होती, ती उघडली तर आत चार बिया. विठोजीनं पाणी तिच्या ओठांवर ओतलं आणि लहान पोरासारखा ओरडून रडला. पण ते घशाखाली जाणार होतं का आता?

त्याच चार बियांतलं हे एक झाड, असं सांगतात. आणि या रिती विठोजीनंच घातल्या. बी आमच्या घरच्यांनी उगाळायची, पहिला घोट आमच्या घरच्यांनी घ्यायचा आणि तहानलेल्याला गाव विचारायचं नाही.

छान वाटली ना गोष्ट? मीही चाळीस वर्षं छान सांगत होते. गेल्या वैशाखात रस्त्याकडेला केबल पुरायला बाहेरची माणसं आली. त्याच आठवड्यात गावातली एक मोटार चोरीला गेली, पंपाची. मी इथेच बसले होते, हाच तांब्या हातात. एक पोरगी आली, विशीचीही नसेल, धुळीनं माखलेली. म्हणाली, “पाणी.” आणि मी, या तळ्याची द्वारका, काय म्हणाले असेन? “आधार कार्ड आहे का गं?”

तिला राग आला नाही हो. सवयीचं असल्यासारखं तिनं पोलक्यातून प्लास्टिकच्या पिशवीतलं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. ओठ फुटलेले, पण आधी कार्ड. तांब्याच सुटला माझ्या हातातून. परत भरला, प्यायले, तिला दिला. ती घटाघटा प्यायली आणि कामावर गेली. मोटार मागाहून सरपंचाच्या मेव्हण्याकडे निघाली, ते सोडा. मोटार तिच्याकडे निघाली असती, तरी पाणी आधीच द्यायचं होतं मला.

आजही तळं निवळलं की तळाचा तो दगड दिसतो. बघा, तो तिथे. हल्ली मला जास्त वेळ बघवत नाही. घ्या, अजून घ्या पाणी, पोटभर प्या. कुठले तुम्ही, ते मी विचारलेलं नाही.