नवलकुंभात विरजण

एका राज्यात कालचे म्हणून काही उरत नसे. तिथल्या राजा मेघांकाला जुन्याचा भारी तिटकारा. पोचा आलेले पातेले नुसते दिसले तरी त्याचे जेवणावरचे मन उडे. हे हेरून भस्मांग नावाच्या मायावीने त्याला सोन्याचा नवलकुंभ भेट दिला. कुंभ देव्हाऱ्याशेजारी ठेवायचा, वापरायचा नाही, नुसता पाहायचा. रोज पहाटे तो घणघणे आणि तटाच्या आतले सारे नवे होई. पातेल्यांचे पोचे जात, विरलेली धोतरे भरून येत, म्हाताऱ्या प्रधानाला दात फुटत. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. या राज्यात दहावा उजाडतच नसे. राजा खूश होता. राजांना खूश व्हायला फारसे लागत नाही.

शाप आला तो राणी कुमुदवतीच्या वाट्याला. मोठ्या माणसांच्या आठवणी मुरलेल्या असतात, त्या कुंभाला निघत नव्हत्या. राजकन्या चित्रांगी मात्र सहा वर्षांची. तिच्यात अजून काहीच मुरले नव्हते. रोज सकाळी ती उठे, राणीकडे पाही आणि विचारी, "आपण कोण?"

"मी तुझी आई," राणी सांगे.

मुलगी शहाण्यासारखी मान डोलवी, संध्याकाळपर्यंत गळ्यात पडे, आणि पहाटे पुन्हा कुंभ घणघणे. राणीने तो एकदा गदेने ठेचला. दुसऱ्या पहाटे तो जागेवर नवा होऊन बसला होता.

तटाबाहेरच्या बाभळीवर एक भारद्वाज राहत असे. तो बोलत असे. राणीने त्याला उपाय विचारला.

"नदीपलीकडे यक्षीण आहे. तिच्याकडून विरजण आण."

"दह्याचे?"

"दुसरे कशाचे असते?" म्हणून भारद्वाज उडून गेला.

विरजण म्हणजे कालचे दही, आणि कालचे घरात ठेवायला राज्यात बंदी होती. तेव्हा चमचाभर विरजणासाठी राणीला नदी ओलांडावी लागली. भस्मांगानेच पूर्वी दिलेले जादूचे वारापंखा आणि अग्निमणी तिने बरोबर घेतले.

यक्षीण म्हणाली, "देईन. आधी तांदूळ पाखड, चूल पेटव, दूध कोमट कर."

राणीने वारापंखा काढला. कोंडा उडाला, तांदूळही उडाले, आणि यक्षिणीचे वाळत घातलेले लुगडे गेले ते गेलेच. यक्षिणीने भिंतीवरचे सूप काढून दिले. मेथीच्या लगद्याने लिंपलेले, काठ पुन्हा पुन्हा बांधलेले. राणी आधी ते नुसते हलवत बसली. मग हाताला झोक सापडला आणि कोंडा पुढे, तांदूळ मागे, असे होऊ लागले.

अग्निमण्याने तर लाकडांची तत्काळ राख केली; चुलीवर भांडे ठेवायलाही सवड मिळाली नाही. फुंकणीने मात्र ओले लाकूडसुद्धा धुमसत धुमसत पेटले. फुंकणीत जादू नसते, फुंकणाऱ्याचा दम असतो.

तिसऱ्या कामात राणी अडली. दूध कोमट झाले की नाही, हे बोट बुडवून ठरवायचे. राणीचे बोट आजवर रोज पहाटे नवे होत आलेले, त्याला सगळेच कढत लागे. विरजण कढत दुधात घातले तर दूध फाटते, गार दुधात घातले तर दही लागत नाही.

"मग मी काय करू?" राणीने विचारले.

"राहा. इथे कुंभाची घणघण पोचत नाही. बोटाला सवय होऊ दे."

राणी राहिली. तिकडे तिची मुलगी रोज उठत होती आणि आता 'मी तुझी आई' असे सांगायलाही कुणी जवळ नव्हते. राणी चुलीपुढे बसून रडली आणि पुन्हा बोट बुडवले. असे करता करता बोटाला घट्टा पडला आणि एक दिवस तिला कोमट कळले.

यक्षिणीने तिला वाटीभर विरजण दिले. "हे त्या कुंभातच लाव आणि हलवू नकोस. कुंभ जुने शोधून नवे करतो ना? यात काय शोधायचे ते शोधू दे. माझ्या पणजीपासूनचे आहे आणि आज सकाळीच लागले आहे."

राजवाड्याच्या दारात राजा आडवा आला. "शिळे आत आणू नये, असा हुकूम आहे."

"महाराज, चित्रांगी आपल्याला बाबा म्हणते?"

"रोज म्हणते."

"सांगितल्यावर. आपणहून कधी म्हणाली?"

राजा बाजूला झाला.

राणीने नवलकुंभ खाली उतरवला, कोमट दूध ओतले, विरजण लावले आणि वर झाकण ठेवले. राजकन्या लगेच झाकण सरकवून आत बोट घालायला गेली. राणीने तिच्या हातावर चापट मारली. अशी चापट तिने आजवर कधी मारली नव्हती. मुलगी न जेवता झोपली.

पहाटे कुंभ घणघणायला निघाला आणि अडखळला. जुने म्हणून धरावे तर ताजे, ताजे म्हणून सोडावे तर पणजीचे. हा घोळ त्याला सोसला नाही. तो तडकला आणि त्याचे तुकडे चहूकडे पडले. दही तेवढे जागच्या जागी उभे राहिले, कुंभाच्याच आकाराचे. प्रधानाचे दात गळाले आणि त्याने मऊ भात मागवला. भस्मांगाची माया सरली. पोट भरायला तो कुठेतरी कुंभारकाम शिकतो आहे, असे भारद्वाज सांगतो. राजाने दही घरोघर वाटले आणि प्रत्येकाने विरजणापुरते राखून ठेवावे, असा नवा हुकूम काढला.

तोवर राजकन्या जागी झाली. राणी उशाशी बसली होती. मुलीने तिच्याकडे पाहिले आणि पाठ फिरवली.

राणी तिच्यावर वाकली. "चित्रांगी, मी कोण?"

"मी नाही बोलणार तुझ्याशी," भिंतीकडे तोंड करून मुलगी म्हणाली. "आई, तू काल मला मारलंस."