पितोचा कोरा कान

लांब, खूप लांब एक देश. त्याचं नाव मेक्सिको. तिथे लाकडाचे प्राणी करतात. निळं मांजर, हिरवं हरीण, गुलाबी साप. अंगभर ठिपकेच ठिपके.

इनेस मावशीने एक ससा केला. मुठीएवढा. नाव पितो. अंग निळं, ठिपके पिवळे. कान वेगळे कोरले, मग भोकांत बसवले. खट, खट.

सकाळी पितोने पाण्यात पाहिलं. बघतो तर काय! एक कान लाल. एक कान कोरा.

आज तर बाजार. सगळे प्राणी निघाले बाजाराला. कोऱ्या कानाचा ससा फळीवरच राहणार.

खुट खुट खुट. पितो गेला मावशीकडे.

"मावशी मावशी, कान रंगव ना."

मावशीने कपाळावर हात मारला. "अगं बाई, कोरा कान? लाल रंगच संपला. रंग आण, मग रंगवते."

खुट खुट खुट. पितो गेला निवडुंगाकडे.

"निवडुंगा निवडुंगा, रंग दे ना. रंग मावशीला. मावशी रंगवेल कान."

निवडुंग शहारला. "अरे बापरे, कोरा कान? रंग आहे माझ्या अंगावरच्या लाल किड्यांत. पण कोंबडी किडे टिपते. कोंबडी हटव, मग देतो."

खुट खुट खुट. पितो गेला कोंबडीकडे.

"कोंबडीताई कोंबडीताई, बाजूला सर ना. निवडुंग देईल रंग. रंग मावशीला. मावशी रंगवेल कान."

कोंबडीची चोच उघडीच राहिली. "अगं बाई, कोरा कान? पण माझ्या पोटात कावळे ओरडतात. मका आण, मग सरते."

खुट खुट खुट. पितो गेला गाढवाकडे. गाढवाजवळ मक्याचं पोतं.

"गाढवदादा गाढवदादा, मका दे ना. मका कोंबडीला. कोंबडी सरेल. निवडुंग देईल रंग. रंग मावशीला. मावशी रंगवेल कान."

गाढवाचे कान ताठ झाले. "अरे बापरे, कोरा कान? पण माझी पाठ खाजते. पाठ खाजव, मग देतो."

पितोने आपले पाय पाहिले. इवले, गुळगुळीत. एकही नख नाही. त्याला रडूच आलं.

मग त्याने कोरा कान धरला. खट! उपटलाच.

गाढव दचकलं. "अरे, कान काढलास?"

पितो चढला पाठीवर. रंग नाही, म्हणून कान खरखरीत. खर्रर्र खर्रर्र. खर्रर्र खर्रर्र.

"हां, तिथेच," गाढव म्हणालं.

गाढवाने दिला मका. मका कोंबडीला. टिप टिप टिप. कोंबडी सरली. निवडुंगाने दिला रंग. रंग मावशीला. मावशीने वाटला पाट्यावर. घर्र घर्र. वर पिळलं लिंबू. चुर्रर्र.

बघतो तर काय! लाल रंग झाला केशरी.

मावशीने रंगवला कान. कान वाळला. खट, बसवला.

एक कान लाल. एक कान केशरी. असा ससा गावात कुणाकडेच नाही.

गाढवाच्या पाठीवर टोपली. टोपलीत सगळे प्राणी. सगळ्यांत पुढे पितो.

"पितो," गाढव म्हणालं, "पुन्हा जरा खाजव ना."

"आता नाही दादा," पितो म्हणाला. "कान रंगलाय."

ससा गेला बाजारी, गोष्ट उरली घरी.