दोन्ही उत्तरं उघड

विद्यापीठाच्या निधी समितीवर प्राचार्य ओगले अध्यक्ष म्हणून आले आणि मानसशास्त्रवाल्यांचे ग्रह फिरले. कुठलाही प्रकल्प समोर आला की ओगले म्हणत, “हे तर शेंबडं पोरही सांगेल. यात संशोधन कसलं?”

त्या दिवशी सकाळपासून जो आत गेला तो तोंड पाडून बाहेर आला. मग शर्मिला तांडेलची पाळी आली. निधी मिळाला नाही तर तिला संशोधन गुंडाळून घरी बसावं लागणार होतं. तरी ती शांतपणे म्हणाली, “सर, वर्गासमोर बोलणी खाल्लेली मुलं पुढे जास्त नेटाने अभ्यास करतात, असं माझं म्हणणं आहे.”

“करणारच,” ओगले म्हणाले. “टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. यात नवीन काय?”

“माफ करा सर, माझ्या बोलण्यात उलटं झालं. ती मुलं अभ्यासच सोडून देतात.”

“तेही उघडच आहे,” ओगल्यांनी तितक्याच ठामपणे सांगितलं. “चारचौघांत अब्रू गेल्यावर पुस्तकाला हात कोण लावेल?”

बाकीचे सभासद खाली मान घालून हसू दाबू लागले.

शर्मिला नम्रपणे म्हणाली, “सर, तुम्हाला दोन्ही उत्तरं आधीपासून ठाऊक आहेत. त्यातलं खरं कुठलं, तेवढंच मला शोधायचंय.”

ओगल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

“कामाला कधी लागताय?” त्यांनी विचारलं.