पाण्यावरचा प्रबंध

एक जंगल होतं. जंगलात वाघ होता म्हणून राज्य होतं, आणि राज्य होतं म्हणून विद्यापीठही होतं. तिथे टिटवी पीएच.डी. करत होती.

तिचे मार्गदर्शक घोरपडसर. ते एकदा खुर्चीला चिकटले ते चिकटलेच. टिटवी सकाळी त्यांच्यासाठी नाकतोडे गोळा करी, दुपारी त्यांची नातवंडं सांभाळी आणि वेळ उरला तर संशोधन करी. सरांना अंडी फार आवडत, म्हणून तिने स्वतःचं घरटं विद्यापीठापासून लांब केलं होतं. एवढी अक्कल तिला होती.

विषय दरबारातून ठरून आला होता : 'महाराजांच्या कारकिर्दीत तळ्याच्या पाण्यात झालेली वाढ'. या विद्यापीठात निष्कर्ष आधी मंजूर होई आणि संशोधन मागाहून, म्हणजे कुणाचा खोळंबा होत नसे. टिटवीने एकच घोडचूक केली. ती तळ्यावर गेली.

विद्यापीठाच्या इतिहासात असं कुणी केलं नव्हतं. ती काठाकाठाने वर्षानुवर्षं हिंडली. पाणी जिथवर असे तिथे खडा ठेवी, आणि दर खेपेला पाणी खड्याच्या आत सरकलेलं असे. शेवटी तिला करवंदीच्या जाळीआड एक चर सापडला. तो तळ्यातून निघून थेट वाघोबांच्या गुहेमागच्या कुंडात जात होता. टिटवीच्या आनंदाला पारावार राहिला नाही. बिचारीला वाटलं, शोध लागला.

घोरपडसरांनी प्रबंध वाचला आणि आयुष्यात प्रथमच त्यांची पकड सैल झाली.

"अगं, तळ्यावर कशाला गेलीस? ग्रंथालय नव्हतं का?"

"सर, पाणी आटतंय. चर बुजवला नाही तर सगळे तहानेने मरतील."

"चर तुझ्या विषयात बसत नाही." मग सर मायेने म्हणाले, "तुला पदवी हवीय की पाणी?"

टिटवीला दोन्ही हवं होतं. पदवी मिळाली तर आपलं कुणीतरी ऐकेल, या आशेवर तिने इतके नाकतोडे वेचले होते. तिने एक अक्षरही बदललं नाही. प्रबंध नामंजूर झाला. 'तळ्याचा संदर्भ ग्राह्य धरता येत नाही, कारण तळं छापील नाही,' असा शेरा आला.

त्याच सुमारास वाघोबांचे भाचे बिबटेसाहेब निवडणुकीला उभे राहायचे होते, आणि फलकावर नावाआधी काहीतरी हवं होतं. घोरपडसरांनी टिटवीचाच प्रबंध घेतला आणि जिथे जिथे पाणी घटलं होतं तिथे तिथे ते वाढवलं. चराचं प्रकरण तेवढं गाळलं.

तोंडी परीक्षा खुली होती. परीक्षक म्हणून शेजारच्या जंगलातलं अस्वल आलं. त्याने शाल पांघरली, मधाची पोळी संपवली आणि 'उमेदवाराचा अभ्यास सखोल आहे' असं सांगून ते पेंगू लागलं. रिवाजाप्रमाणे सरांनी विचारलं, कुणाला काही शंका? शंका कुणी विचारायची नसते, हाही रिवाजच होता. टिटवी उठली.

"आपण तळ्यावर कधी गेला होतात?"

बिबटेसाहेब मनमोकळं हसले.

"मी कशाला जाऊ? पाणी माझ्याकडे येतं."

खरं तर चराची कबुलीच होती ती. टिटवीने आशेने सगळ्यांकडे पाहिलं. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की अस्वल दचकून जागं झालं आणि तेही टाळ्या वाजवू लागलं.

बिबटेसाहेब डॉक्टर झाले, निवडून आले आणि जलमंत्रीही झाले. टिटवी तळ्यावर परतली. तिथे आता चिखलाला भेगा होत्या. एक हरणी जीभ बाहेर काढून उभी होती.

"पाणी कुठं गेलं, गं?"

टिटवीने चर दाखवला. खडे दाखवले. सगळं सांगितलं.

हरणीने ऐकून घेतलं आणि तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तू डॉक्टर आहेस का?"

"नाही."

"मग?" असं म्हणून हरणी निघाली. तिला डॉक्टरसाहेबांच्या सभेला जायचं होतं. विषय होता 'तुडुंब तळं, सुखी जंगल', आणि गर्दी नेहमीप्रमाणे विक्रमी होती. पिण्याच्या पाण्याची सोय तेवढी ज्याची त्याने करायची होती.